गाऱ्हाणं घालणाऱ्याला बोलायला बंदी

...नाही, पण मी म्हणतो, ज्या माणसाला बोलायला बंदी करून ठेवली होती त्यालाच धरून भाषणाला उभं करायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? ह्या ग्लोरिया सिस्टर, आत्ता शेजारच्या खोलीत गेल्या बघा, पांढरा कोट, गळ्यात क्रूस, आमच्या मालवणच्याच, आतलं मशीन त्याच चालवतात. मी इथे पेशंट म्हणून आलो तेव्हा पहिल्याच दिवशी ह्याच बाईंनी मला सांगितलं, 'भाई, उपचार संपेपर्यंत आवाजाला विश्रांती, बोलायचं नाही.' आणि आज ह्याच म्हणतात, 'भाई, तुळसाताई आत आहेत तोवर ह्या नव्या लोकांना चार गोष्टी सांगा ना, घाबरलेत बिचारे.' बंद करताना ह्याच, सोडताना ह्याच. मी माणूस आहे का नळ?

बरं, सांगतो. घाबरलात हे दिसतंच आहे. मीपण इथेच बसलो होतो, त्या पंख्याखालच्या बाकावर... तुम्ही जरा सरकून बसा हो, त्याचा पाय हलतो... तर तिथे बसून त्या दरवाजाकडे बघत होतो. बँकेच्या तिजोरीला असतो तसला जाड दरवाजा आणि वर लाल दिवा. आता लागलाय ना, म्हणजे आतलं मशीन चालू. विझला की मशीन बंद. मशीन बंद म्हणजे किरणं संपली, माणूस घरी. एवढंच आहे ते. पण हे 'एवढंच' माझ्या गावाला पटवता पटवता माझी जी दशा झाली ती तुम्हाला सांगतो, आणि ती सगळी मला बोलायला बंदी असताना.

झालं काय, की माझा आवाज बसला. आता गावात दुसऱ्या कुणाचा आवाज बसला तर त्याची बायको खूश होते आणि विषय संपतो. पण आमच्या घराण्याला गाऱ्हाणं घालायचा मान. इथे घाटावरचे कोण आहेत? हां, तुम्ही मावशी. तुम्हाला सांगतो, आमच्या कोकणात देवाला नुसता हात जोडून भागत नाही. नारळ ठेवायचा आणि एकाने उभं राहून देवाला सगळं सविस्तर सांगायचं, तेही समोरच्या आंब्यावरचे कावळे उडतील इतक्या मोठ्याने. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या काजूला मोहर धरला नाही, कुणाच्या मुलाला मुलगी मिळत नाही... आणि प्रत्येक मागणीला बाकीच्या गावाने एका सुरात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा'. गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं की ती गोष्ट देवाकडे रुजू झाली. मग ती मागे घेता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर कुडाळच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून घसा बघितला आणि इकडे पाठवलं. इकडचे मोठे डॉक्टर म्हणाले, 'स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. किरणांनी बरा होण्यासारखा आहे. आवाजही वाचण्याची चांगली शक्यता आहे.' मी विचारलं, 'शक्यता म्हणजे किती हो?' तर ते म्हणाले, 'बोलू नका.'

आमची सौभाग्यवती, सत्यवती, ती बघा तिकडे थर्मास घेऊन बसली आहे, ती तोपर्यंत रडत होती. हे ऐकल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, 'डॉक्टरांनू, ह्या जरा कागदावर लिवन देवा.' बाजारातून पाटी-पेन्सिल आणली आणि माझ्या गळ्यात अडकवली. ह्या वयात.

पुढे ठरलं असं, की सोमवार ते शुक्रवार इथल्या धर्मशाळेत राहायचं, रोज शेक घ्यायचा... डॉक्टर किरणं म्हणतात, आमच्याकडे सगळे शेक म्हणतात... आणि शुक्रवारी आंबोलीवरून जाणारी गाडी पकडून घरी. गळ्याचं असेल तर तुम्हाला मुखवटा करतील. घाबरू नका. ऊन पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर अंथरतात, ती तुमच्या नाकाडोळ्यांचा आकार घेऊन घट्ट होते आणि मग रोज तीच टेबलाला अडकवतात, का, तर तुम्ही हलू नये, आणि किरणं हवी तिथेच पडावीत. श्वास नीट घेता येतो, जाळी आहे ती, डबा नव्हे. आत तुम्ही एकटे असता, पण बाहेरून कॅमेऱ्यातून सगळं बघतात, हात वर केला की मशीन थांबवून आत येतात. मी पहिल्या दिवशी एकदा भीतीने हात वर केला आणि एकदा, खरंच येतात का बघायला. आल्या. रागावून आल्या, पण आल्या.

दुखतं का म्हणाल, तर त्या वेळी काही कळतसुद्धा नाही. दुखणं नंतर येतं. काही आठवडे गेले की घसा आतून असा सोलवटतो की थुंकी गिळायची म्हटली तरी देवाचं नाव घ्यावं लागतं. लपवू नका, इथे सांगा, औषध देतात, आणि शेक संपल्यावर ते हळूहळू कमीही होतं. पण मधेच सोडून पळू नका. घरात बांगड्याचं तिखलं शिजत होतं, वास सगळ्या वाडीभर, आणि मी माजघरात कोमट पेजेचा वाडगा घेऊन. तक्रार करावी, तर बोलायला बंदी.

आणि अशातच आमच्याकडे धोंडू यायचा. धोंडू म्हणजे माझा चुलत भाऊ, वायरमन, कसालच्या बाजारात दुकान आहे त्याचं. लोक पेशंटला बघायला येताना शहाळं आणतात. हा टेस्टर घेऊन आला.

'भाई, ता मशीन कशार चालता रे?'

मी पाटीवर लिहिलं, 'विजेवर.' तिथेच चुकलं माझं.

'मगे? वीज तुझ्या आंगात घातल्यानी, ती जाता खंय?' असं म्हणून त्याने टेस्टर माझ्या बोटाला लावला. आता दिवा लागला नाही म्हटल्यावर शहाण्या माणसाचं समाधान व्हायला हवं की नाही? हा म्हणतो, 'पेटना नाय. म्हणजे आत साठता.' लोक जमले. हा शिकवायला लागला. 'शनवार-रयवार सुट्टी कित्याक देतत, म्हायत आसा? पाच दिवस भरून ठेवतत, दोन दिवस तेच्यार चलता. इन्व्हर्टर रे, दुसरा काय.' मी पाटीवर लिहायला घेतलं, की सुट्टी अशासाठी, की अंगातल्या चांगल्या पेशींना सावरायला... 'पेशी'पर्यंत आलो तर पाटी भरली. पुसून पुढचं लिहितो तर लोक घरी.

दुसऱ्या दिवसापासून बघा. कुणीतरी येऊन गप्पा मारता मारता आपला मोबाईल माझ्या मांडीला टेकवून ठेवायचा, चार्ज होतो का बघायला. शेजारच्या कोंबडीने अंडी बंद केली, ती माझ्यामुळे. सत्यवतीने माझं अंथरूण पडवीत घातलं. वर म्हणते, 'माका भीती बीती काय नाय हां. पडवीक वारो बरो येता.' इतकी वर्षं वारा कुठे होता? विचारावं, तर बोलायला बंदी.

इथपर्यंत ठीक होतं. हसण्यावारी गेलं असतं. पण तुळसा वैनीचं आलं.

तुळसा वैनी म्हणजे आत्ता आत आहे ती, आमची शेजारीण. तिच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जखमही चांगली भरली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढली, पण मागे काही बारीक राहिलं असेल तर ते पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून किरणं घ्यायलाच हवीत. माझा शेवटचा आठवडा राहिला होता. ठरलं होतं, की रविवारी संध्याकाळच्या गाडीने आमच्याबरोबर तीही येणार, सोमवारी इथे तिच्या अंगावर खुणा करून घेणार. पिशवी भरून झाली होती तिची.

आणि शनिवारी गावाने माझ्यासाठी देवळात गाऱ्हाणं ठेवलं. प्रेमानेच ठेवलं, नाही म्हणणार नाही. पण माझं गाऱ्हाणं मी घालणार कसं? बंदी. मग मान कुणाकडे जातो? चुलत घराकडे. म्हणजे धोंडूकडे.

धोंडूने नारळ ठेवला, मला समोर उभं केलं आणि आवाज लावला... 'बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू आज तुझ्या दारात मुको होवन उभो आसा, तेचो आवाज तेका परत दी म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा.'

'जो काय शेक मशीनीन ह्येच्या आंगात भरून ठेवलेलो आसा, तो आतल्या आत जिरव म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा.'

'आणि तो जिरासर, ह्येच्यापासून आणि आणखी जो कोण शेक घेतलो तेच्यापासून, वाडीतल्या न्हान पोरांक बाधा होव नये, म्हणान पोरांक तेंच्यापासून लांब ठेव म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा.' सगळं गाव. बाया, बाप्ये, सत्यवतीसुद्धा. इतक्या वर्षांची सवय, तुम्हाला खोटं कशाला सांगू, माझ्याही तोंडून 'व्हय' निघालं असतं. बोलायला बंदी म्हणून राहिलं.

आता तुळसा वैनीला नात आहे, किशोरी, अजून बसतासुद्धा येत नाही इतकी लहान. तिची आंघोळ म्हणजे वाडीतला कार्यक्रम. मागच्या दारी न्हाणीच्या चिऱ्यावर वैनी पाय लांब करून बसणार, पोरीला पायांवर पालथी घालणार, खोबरेल चोळणार, ऊन पाण्याचे तांबे ओतणार आणि पोरगी तिथेच झोपी जाणार. तर रविवारी सकाळी आम्हाला पोरीचं रडणं ऐकू आलं. थांबेना. सत्यवती आणि मी कुंपणापाशी गेलो तर आंघोळ सून घालतेय, तिला ते पायांवर धरणं जमत नाही, आणि तुळसा वैनी चार हात लांब माडाला टेकून उभी.

सत्यवतीने विचारलं, 'गो, तू नाय घालणस?'

'सवय करूक व्हयी. उद्यापास्ना माझो हात चलाचो नाय.' आणि पोरीकडे बघत म्हणते, 'नाय गो सत्यवती. मी येणंय नाय. माका शेक नको. चेडवाक हात लावचो नाय, तर जगान काय करू? गाठ काढली नाय? पुरे झाला.'

मी पाटीवर लिहिलं, मोठ्या अक्षरांत, 'खोटं आहे. शेक अंगात राहत नाही.'

तिने वाचलं. शांतपणे वाचलं. म्हणाली, 'भाई, ह्या तुमी पाटयेर लिवलास. ता देवासमोर सांगल्यानी आणि गावान व्हय म्हटला.'

सत्यवती पुढे सरसावली, 'अगो, डॉक्टरांनी सांगितल्यानी, काय एक होणा नाय.'

'मगे तुझ्या घोवाचा अंथरूण पडवीत कित्याक?'

संपलं. आमच्या घरात बोलायला बंदी असलेली माणसं दोन झाली.

मी ग्लोरिया सिस्टरना मोबाईलवर लिहून कळवलं. त्यांनी लगेच आवाज भरून पाठवला, 'भाई, किरणं अंगात राहत नाहीत हो. मशीन बंद, किरणं बंद. पोरांना घ्या, एका ताटात जेवा, काही होत नाही. आणि गरज असेल तर थोडं बोला. ओरडू नका. कुजबुजूही नका, त्याने ताण जास्त पडतो. पण थोडं म्हणजे थोडं, भाई. मी तुम्हाला ओळखते.' हे मी तुळसा वैनीला ऐकवलं. ती म्हणाली, 'बरा बोलता चेडू. पण आमच्या देवाकडे रुजू झाला ता काय मोबाईलार पुसता येता?'

आता काय करणार? देवासमोर घातलेलं देवासमोरच फिरवायला हवं. गाडी संध्याकाळची. मी नारळ घेतला आणि देवळात जाऊन घंटा वाजवली.

तुम्हाला सांगतो, घसा तेव्हा आतून नुसता लाल. आणि डोक्यात एकच, की इतके आठवडे जपला तो आवाज आता काढायचा आणि काढला नि गेला तर? डॉक्टरांनी शक्यता म्हटलं होतं, खात्री नाही. गाव जमलं, धोंडू आला, तुळसा वैनी सुनेला आणि पोरीला घेऊन मागे खांबापाशी उभी राहिली. सत्यवतीने माझ्या गळ्यातली पाटी काढून घेतली.

'बा देवा म्हाराजा...'

जो आवाज निघाला तो माझा नव्हता, दळण दळताना जात्यात खडा यावा तसा. मागे कुणाला ऐकूच गेलं नाही. तरी गाव म्हणालं, 'व्हय म्हाराजा.' मी हाताने थांबवलं. म्हटलं, जवळ या. आले. आणखी जवळ या. आमच्या देवळात गाऱ्हाण्याला कधी कुणी इतकं जवळ आलं नव्हतं. आजवर मी ओरडायचो, ते आपसांत बोलत असायचे आणि मी श्वास घ्यायला थांबलो की 'व्हय' म्हणायचे. आता कान देण्याशिवाय इलाज नव्हता.

'बा देवा म्हाराजा, काल ह्या जाग्यार जा सांगितला गेला, ता सांगणाऱ्याचा मन साफ, पण म्हायती चुकीची. मशीन बंद झाला काय शेक बंद. आंगात काय एक साठणा नाय, घरात येणा नाय, पोरांक लागणा नाय. कालचा चुकला-माकला पदरात घे आणि आजचा रुजू करून घे म्हाराजा.'

'व्हय म्ह...'

'भाई,' मागून आवाज आला.

तुळसा वैनी. गाऱ्हाण्याच्या मधेच. असं कधी होत नाही हो. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मधेच नवऱ्याचा पगार विचारावा तसं आहे ते. धोंडू म्हणालासुद्धा, 'गाऱ्हाण्यात मधी इचारूचा नसता गो.'

'मगे कधी इचारू? गाडी सुटल्यार?' असं म्हणून ती पुढे आली, माझ्यासमोर. 'भाई, हडे देवासमोर सांगा. शेक घेवन इलंय, आणि चेडवाक पायांर घेतलंय, तर चलात?'

देवाला सांगायची सवय, माणसाला उत्तर द्यायची नाही. मग म्हटलं, 'चलात. त्याच दिवशी घे. फक्त तुझ्या आंगार ते खुणा करतले, त्या घासून काढू नको, आणि थंय तेल लावचा तर तेंका इचारल्याबिगर लाव नको. चेडवाक हवा तितक्या तेल लाव.'

प्रश्नाला 'व्हय' म्हणायचं की उत्तराला, कुणाला कळेना. तुळसा वैनीने सुनेच्या हातातून पोर घेतली आणि आपणच म्हणाली, 'व्हय म्हाराजा.' तिच्या मागून सगळे.

आणि मग जो बांध फुटला... एकाने विचारलं, केस जातात काय? म्हटलं, शेक जिथे पडतो तिथले जातात, छातीवर शेक घेऊन डोक्याचे जात नाहीत. दुसरा म्हणाला, कपडे वेगळे धुवायचे? नाही. धोंडू इतका वेळ दम धरून होता, 'मगे शनवार-रयवार सुट्टी कित्याक, ता सांग.'

'तुझा दुकान रयवारी बंद कित्याक रे?'

'दमतंय मरे.'

'तसाच. आंगातला बरा मांस दमता. तेका दोन दिवस दम खावक देतत.'

त्याने विचार केला. त्याला पटलं, पण वायरमन माणूस, हार कशी मानणार. म्हणाला, 'मगे कोंबडी अंडी कित्याक घालना नाय?' तोपर्यंत माझा आवाज संपला होता. कोंबडीचं अजून तसंच राहिलंय.

संध्याकाळी गाडीत तुळसा वैनी आमच्या पुढच्या बाकावर होती. माझं अंथरूण पुढच्या शनिवारी आत आलं. 'पडवीक डास झालेत,' असं कारण सांगण्यात आलं. माझे शेक संपले. आवाज हा असा आहे, खरखरीत, पण आहे. आज तपासायलाच आलो होतो, डॉक्टर म्हणतात, तपासत राहू, सुधारेल. मी बोलायला मोकळा आहे. म्हणजे डॉक्टरांनी बंदी उठवली. सत्यवती म्हणते, 'तेंनी उठवली असात. मी खंय उठवलंय?'

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की मी काय किंवा ह्या सिस्टर काय, सांगताना नुसत्या माना डोलवू नका. मघापासून बघतोय मी, तुम्ही सगळे डोलवताय. मावशी, तुम्ही तर फारच. मधेच थांबवा आणि विचारा. तुमच्या घरात कुणाला तरी कुणापासून तरी लांब ठेवलंय, त्याचं विचारा. लाज वाटत असेल तर... थांबा, दिवा मघाशीच विझलाय की. दरवाजाही उघडाच. आली बघा तुळसा वैनी, पदर सारखा करत. कशी चाललीय बघा तरातरा, आज शुक्रवार ना, उद्या सकाळी चिऱ्यावर बसायचंय तिला.

'वैनी, झाला गो?'

'माझा कवाच झाला. आत कपडे करीसर सगळा आयकतंय. सत्यवती, मशीनीचा बटन बंद केला काय मशीन गप जाता. ह्येंचा बटन खंय आसा गो?'

'गावला असता तर मी इतकी वर्सां ह्येंचा आयकत रवलंय असतंय? चल. गाडी जायत.'

ऐकलंत? तुम्ही सगळे साक्षीला आहात. आता आंबोली येईपर्यंत ह्या दोघी बोलणार आणि मी मधे बसणार. तुमचे काही प्रश्न असतील तर सिस्टरना विचारा. मला बोलायला बंदी आहे.